खानदेशच्या उन्हातला न दिसणारा उजेड



यावल-रावेरकडच्या कुठल्याही केळीच्या बागेत शिरले की पायाला आधी लागते ती ठिबकची काळी नळी. ही नळी काळीच का? काळी वस्तू उन्हात जास्त तापते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे पडून राहणारी वस्तू कारखाने मुद्दाम काळी करतात. याचे उत्तर उन्हाच्या अशा भागात आहे जो डोळ्यांना दिसतच नाही. त्या भागाची ओळख पटली, की केळीपासून रेल्वेपर्यंत आणि डाळ मिलपासून धुळ्याच्या मोडी कागदांच्या रुमालांपर्यंत खानदेशातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेतला चाळीस-पंचेचाळीस टक्के भागच आपल्याला उजेड म्हणून दिसतो. निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा तांबड्या रंगाच्या पलीकडची, म्हणजे अवरक्त किंवा इन्फ्रारेड असते. जांभळ्याच्या अलीकडची अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, जेमतेम तीन ते पाच टक्के. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच उजेड नव्हता तिथेही पारा चढला. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर यांना दिसले की सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद जांभळ्याच्या बाहेर जास्त झपाट्याने काळा पडतो. उजेडाची दोन्ही टोके अशी वर्षभराच्या आत सापडली.

या दोन किरणांचे स्वभाव मात्र अगदी वेगळे आहेत. प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांनी येतो. अवरक्ताची पुडी लहान, अतिनीलाची मोठी. काचेवर वाळूच्या कितीही मुठी मारल्या तरी ती घासली जाईल, पण फुटणार नाही. गोटा मात्र एकच पुरतो. म्हणून अवरक्त किरण वस्तूला तापवतात, तर अतिनील किरण तिच्या रेणूंचे बंध तोडतात. पुढचे सगळे या एका फरकावर उभे आहे.

ठिबकची नळी पॉलिइथिलीनची, म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्यांची बनलेली असते. अतिनील किरण या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना चिकटतो आणि प्लास्टिक कडक होऊन तडकते. अंगणात ठेवलेली स्वस्त बादली दोन उन्हाळ्यांत हाताने मोडते, ती याच कारणाने. नळीत वजनाच्या दोन-अडीच टक्के बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळली की ती अतिनील किरण साखळीपर्यंत पोचण्याआधीच शोषते आणि त्यांची उष्णता करून टाकते. नळी तापते, पण टिकते. जळगावात भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकात आधी पीव्हीसी पाइपचा आणि मग ठिबकचा उद्योग उभा केला. खानदेशचे कोरडे पाणीमान बदलून टाकणारा तो उद्योग या चिमूटभर काजळीवर तोललेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. करड्या पीव्हीसी पाइपात एवढी काजळी नसते, म्हणूनच मेन आणि सबमेन जमिनीत गाडायला सांगतात. कष्ट वाचवण्यासाठी पाइप बांधावर उघडा टाकणारा शेतकरी त्याचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करतो. पॉलिहाऊसच्या कागदाला उजेड आत सोडायचा असतो, तिथे काजळी चालत नाही. मग त्यात रासायनिक स्थिरके घालतात. ती तुटलेल्या साखळीचा पुढचा बिघाड थांबवतात, पण स्वतः हळूहळू संपत जातात. शेडनेट आणि पॉलिहाऊसचा कागद ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, तो यामुळे.

बंध तोडण्याचा हाच गुण पाण्याच्या फिल्टरमध्ये कामाला येतो. फिल्टरमधल्या पाऱ्याच्या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी निघतात. त्या जंतूंच्या डीएनएमध्ये बिघाड करतात आणि जंतूची वाढच थांबते. दिव्याभोवतीची नळी साध्या काचेची नसते, कारण साधी काच या लहरी अडवते. तिथे क्वार्ट्‌झ लागतो.

मूळ मुंबईचे आणि अमेरिकेत बर्कलेच्या प्रयोगशाळेत काम करणारे डॉ. अशोक गाडगीळ यांनी १९९०च्या दशकात याच तत्त्वावर ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ तयार केले. १९९२-९३मध्ये भारतात आणि बांगलादेशात कॉलऱ्याच्या नव्या जातीने हजारो बळी घेतले, त्यातून त्यांनी हे काम हाती घेतले. दिवा पाण्यात बुडवायचा नाही, उथळ वाहत्या पाण्यावर नुसता टांगायचा, एवढीच त्यांची युक्ती. त्यामुळे दिव्यावर क्षार बसत नाहीत, पंप लागत नाही आणि मिनिटाला सुमारे पंधरा लिटर पाणी निर्जंतुक होते. २०२३ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. स्वयंपाकघरात फिल्टर बसवणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या कामाचा दुसरा धडाही लक्षात ठेवावा: पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांच्या सावलीत लपतात. पावसाळ्यात तापी-गिरणेला गढूळ पूर आला, की पाणी आधी गाळून मगच दिव्याखाली न्यावे लागते. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार या दिव्याने कमी होत नाहीत. आणखी एक गोष्ट. फिल्टरच्या दिव्याचा निळसर उजेड म्हणजे अतिनील नव्हे, तो सोबत निघणारा दृश्य प्रकाश. दिवा जुना झाला की जंतू मारणारा भाग आधी घटतो आणि निळा उजेड पुढेही दिसत राहतो. वर्षभराने दिवा बदला असे कंपनी सांगते, त्यात तथ्य आहे.

अतिनीलाचा सगळ्यात निर्दय अनुभव वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या पोरांना येतो. ट्रॉली, नांगर, खिडक्यांच्या जाळ्या बनवणारी ही दुकाने जळगाव-धुळ्यात रस्तोरस्ती आहेत. वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या बुबुळावरचा नाजूक थर भाजून काढतात. त्या क्षणी काहीच दुखत नाही. पाच-सहा तासांनी, बहुधा रात्री, डोळे लाल होतात, पाणी गळते, उजेड सहन होत नाही आणि पापणीखाली वाळू खुपते. साध्या काळ्या गॉगलने हे टळत नाही. उलट, स्वस्त गॉगल अतिनील अडवणारा नसेल तर त्याच्या सावलीत बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. खरी वेल्डिंगची काच बसवलेला मुखवटा महाग नाही. तो न देता कोवळ्या मुलाला ठिणगीपुढे बसवणे हा गुन्हा आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

आता जरा आनंदाची गोष्ट. २००८ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाचे बर्नहार्ड क्रॉयटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकलेली केळी अतिनील दिव्याखाली धरली, तर ती निळी चमकली. केळे पिकताना सालीतले हरितद्रव्य मोडते. मोडून तयार होणारे काही पदार्थ अतिनील किरण शोषतात आणि त्याबदल्यात निळा उजेड बाहेर टाकतात. कच्चे हिरवे केळे असे चमकत नाही. नंतर सालीवर जे काळे ठिपके पडतात, त्यांच्याभोवतीही निळी कडी दिसतात. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या शाळेत हा प्रयोग झालाच पाहिजे. लागते काय? अंधारी खोली, अतिनील टॉर्च, एक हिरवे आणि एक पिवळे केळे. टॉर्च मात्र कोणाच्या डोळ्यांकडे रोखायचा नाही.

तोच टॉर्च घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रात्री दगडांच्या कुंपणाजवळ गेले, तर विंचू हिरवट-निळ्या रंगात लखलखतो. त्याच्या कातडीतल्या द्रव्यांमुळे असे घडते. धाब्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि सरपणाच्या ढिगात हात घालणाऱ्यांनी हा टॉर्च बाळगावा. सराफ बाजारात आणि बँकेत नोट ज्या जांभळट दिव्याखाली धरतात, तिथेही हेच तत्त्व असते. बाजारातला साधा पांढरा कागद त्याखाली निळसर पांढरा उजळतो, कारण त्यात पांढरेपणा वाढवणारी चमकद्रव्ये असतात. नोटेचा कागद तशा द्रव्यांशिवाय बनवतात, म्हणून तो मंद राहतो. चमकतात ते क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू.

अवरक्ताची ओळख करून घेणे याहून सोपे आहे. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. रिमोटच्या टोकावरचा दिवा डोळ्यांना बंद दिसतो, पडद्यावर मात्र जांभळट-पांढरा लुकलुकतो. सुमारे ९४० नॅनोमीटरच्या या लहरी सिलिकॉनच्या कॅमेऱ्याला दिसतात. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या परिसरात वाघाचा वावर आहे, केळीच्या बागांपर्यंत तो येतो. रात्री त्याचा फोटो टिपणारे कॅमेरा ट्रॅप अशाच दिव्यांनी अंधार उजळतात.

सिलिकॉनला जे दिसते तेच त्याला वीज म्हणून वापरताही येते. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३मध्ये सुरू झाला. तिथल्या सिलिकॉनच्या पॅनेलांची बरीचशी वीज न दिसणाऱ्या उजेडातून येते. सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी पकडतो. त्यापुढचे अवरक्त किरण त्याला पेलत नाहीत, ते पॅनेल तापवण्यापलीकडे काही करत नाहीत. पॅनेल एक अंशाने तापले की वीज सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग साठ अंशांपुढे जातो. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज हा समज म्हणून पुरता खरा नाही. फेब्रुवारीतली स्वच्छ, वाऱ्याची दुपार पॅनेलला जास्त मानवते.

प्रत्येक वस्तू स्वतःही अवरक्त किरण सोडते, आणि जितकी गरम तितके जास्त. करोनाच्या काळात कपाळासमोर धरलेली ‘गन’ काहीच सोडत नव्हती. ती आपल्या त्वचेतून निघणारे अवरक्त किरण मोजत होती. रेल्वेचे मोठे केंद्र असलेल्या भुसावळला या मोजणीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. चाकाच्या आसाचे बेअरिंग बिघडले की ते तापू लागते, त्याला रेल्वेत हॉट एक्सल म्हणतात. वेळेवर कळले नाही तर आस तुटून गाडी रुळांवरून घसरू शकते. पूर्वी कर्मचारी गाडी थांबल्यावर हाताने चाचपून अंदाज घ्यायचे. आता हातातली अवरक्त गन आणि रुळालगत बसवलेले शोधक हे काम करतात. वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेचा सैल सांधाही अवरक्त कॅमेऱ्यात आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. सांधा वितळून तार पडण्याआधी तो घट्ट करता येतो.

अवरक्त किरण वस्तूंची ओळखही पटवतात. ते पाहायचे तर जळगावच्या डाळ मिलमध्ये जाऊन डाळ निवडणारे ‘सॉर्टेक्स’ यंत्र पाहावे. उंच यंत्राच्या पन्हाळ्यांतून डाळ सरसर खाली येते, दोन्ही बाजूंचे कॅमेरे प्रत्येक दाणा बघतात आणि नको तो दाणा हवेच्या बारीक फवाऱ्याने बाजूला उडवतात. टिक टिक असा सतत आवाज येतो, तो या फवाऱ्यांच्या झडपांचा. काळा दाणा पिवळ्यातून ओळखणे साध्या कॅमेऱ्यालाही जमते. डाळीच्याच रंगाचा खडा त्याला फसवतो. म्हणून आधुनिक यंत्रांत अवरक्ताचे वेगळे कॅमेरे असतात. दाण्यातले पाणी, पिष्ट आणि प्रथिने काही ठरावीक अवरक्त लहरी शोषतात, दगड तसे करत नाही. डोळ्यांना सारखे दिसणारे दोघे तिथे वेगळे पडतात.

आणि आता केळीच्या बागेकडे परत, पण हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पारा दहा अंशांखाली येतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. अशा रात्री केळीची रुंद पाने आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने थेट आकाशात टाकतात. हवेतली वाफ आणि ढग या किरणांतले बरेच अडवून परत पाठवतात. कोरड्या निरभ्र रात्री तो अडथळा राहत नाही आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. बागेची वाढ थांबते, निसवण लांबते, घड अडकतो. शेतकरी रात्री विहिरीचे पाणी देतात, बागेच्या कडेला ओला-सुका पाला पेटवून धूर करतात, शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण राखतात. यांत पाण्याचा उपाय सर्वात पक्का. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा बरेच कोमट असते आणि ओली जमीन दिवसाची उष्णता धरून ठेवून रात्री वर सोडते. धुराचा भरवसा कमी. धुराचे कण इतके बारीक असतात की लांब अवरक्त लहरी त्यांना जुमानत नाहीत. जो काही फायदा होतो तो जाळाच्या उबेचा. पाला जाळण्यात रात्र घालवण्यापेक्षा तो थंडी सरल्यावर बुंध्याशी पसरणे बरे. मात्र थंडीच्या ऐन रात्री जमीन उघडी आणि ओली हवी, कारण आच्छादनाखालची उष्णता वर येत नाही.

रात्री उष्णता आकाशात सोडण्याचा हाच नियम उन्हाळ्यात घरासाठी वापरता येतो. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण स्वतःची उष्णता किरणांनी सोडण्यात तो फार कंजूष, म्हणून तापला की तापलेलाच राहतो. चुना फासलेले छत दोन्ही कामे करते: दिवसा बहुतेक ऊन परतवते आणि रात्रंदिवस आपली उष्णता अवरक्तातून बाहेर टाकते. अहमदाबाद महापालिकेने गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम राबवला. जळगाव-भुसावळला त्याची गरज अहमदाबादपेक्षा कमी नाही. स्लॅबच्या घरात रात्री दोन वाजताही भिंतींतून येणारी धग ज्यांनी सोसली आहे, त्यांनी मार्च संपायच्या आत चुन्याचा एक हात द्यावा.

शेवटी धुळ्याकडे वळतो, कारण या विषयातले सर्वात मोठे राहिलेले काम तिथे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी जमवलेली कागदपत्रे तिथे आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून गोळा केलेली रामदासी हस्तलिखितांची बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. अशा जुन्या कागदांचे शत्रू म्हणजे ओल, वाळवी, तेलाचे आणि हळदीकुंकवाचे डाग, काळपट पडलेला कागद. अक्षर असते, पण डागाखाली हरवते.

जुनी मोडी शाई काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, आणि कार्बन अवरक्त किरणही तितकेच शोषतो. डाग आणि पिवळटपणा मात्र अवरक्ताला बहुधा अडवत नाहीत. त्यामुळे अवरक्त छायाचित्रात कागद पांढरा होतो आणि अक्षर काळेभोर उठते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांची छायाचित्रे १९५०च्या दशकात याच रीतीने घेतली गेली. पोथीत लाल हिंगुळाने लिहिलेली अक्षरे मात्र अवरक्तात नाहीशी होतात, त्यांच्यासाठी साधे छायाचित्र सोबत लागतेच. इंग्रजी अमदानीतल्या हिराकसाच्या शाईचे उलटे आहे: ती अवरक्तात फिकी होते, पण अतिनील दिव्याखाली कागद मंद चमकतो आणि पुसट अक्षर गडद दिसते. अतिनील किरण कागदालाही जुना करतात, तेव्हा तो दिवा काही क्षणच लावायचा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे तीही जपणुकीच्या याच काळजीपोटी.

या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातली अवरक्त अडवणारी काच काढून त्यावर अवरक्ताचा फिल्टर लावला की साधन तयार होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि मोडी शिकणारेही आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवावे, एवढी विनंती प्राध्यापकांना आहे. आणि ज्या वाड्यांत, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यांवर अजून मोडी रुमाल पडून आहेत, त्या घरांना आणखी एक. ओल लागली म्हणून ते कागद मे महिन्याच्या उन्हात पसरू नका. सावलीत, मोकळ्या हवेत वाळवा, डाग खरवडू नका आणि छायाचित्र निघेपर्यंत रुमाल सुती कापडात बांधून ठेवा.